शपथ का प्रतिज्ञा

आमच्या कोर्टात जेवणानंतरची जी वेळ असते ती धड कामाची नसते आणि धड झोपेचीही नसते. पंखा फिरत असतो, वळचणीला पारवे घुमत असतात, वकील दबक्या आवाजात पुढची तारीख मागत असतात. मी स्टेनो. साक्षीदार बोलतो, साहेब त्यातलं घ्यायचं तेवढं घेतात आणि मला सांगतात, मी ते उतरवते. साहेब जे सांगत नाहीत ते कागदावर येत नाही. इतकी वर्षं हेच काम केल्यामुळं माझ्या डोक्यात न उतरवलेल्या वाक्यांचा भलामोठा साठा झालाय. दुपारी डोळा लागला की त्यातलं एखादं आपोआप वर येतं. त्यातलं एक कडुबामामांचं आहे.

कडुबामामा आमचे शिपाई होते. नावाचा पुकारा करायचं काम त्यांचं. आवाज असा की खाली अदालत रोडवरचा चहावाला म्हणायचा, आमची उधारीवाली गिऱ्हाइकंसुद्धा दचकतात. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून शपथ देणं हेही त्यांच्याकडंच होतं. हे काम बहुतेक ठिकाणी कसं उरकतात ते मी पाहिलंय. शिपाई एका दमात 'ईश्वराची शपथ घेऊन खरं सांगेन' असं पुटपुटतो, साक्षीदार मान हलवतो, संपलं.

मामा आधी विचारायचे, "शपथ का प्रतिज्ञा?"

समोरचा गोंधळायचा. मग मामा सांगायचे, "शपथ म्हंजे देवाच्या नावानं. प्रतिज्ञा म्हंजे आपल्या मनाच्या साक्षीनं. कायद्यात दोन्हीचं वजन सारखंच. कोणती?" आणि थांबायचे. हे थांबणं कधीकधी एवढं लांबायचं की वकील घड्याळ बघायला लागायचे आणि माझा तर जीव वर-खाली व्हायचा. मी तेव्हा तरुण होते आणि मला प्रत्येक गोष्टीची घाई होती. एकदा मी त्यांना सुनावलंच, "मामा, अशानं दिवसभरात एक साक्ष होणार नाही. लोकांना कुठं पडलंय? कोणतंही एक द्या."

"सोनियाबाई," मामा म्हणाले, "इचारलं की मानूस जरा आत जाऊन येतो. येऊ द्या की. कुणाचं काय जातंय."

ही सवय त्यांना कुठून लागली ते त्यांनी मला व्हरांड्यात चहा पिताना सांगितलं होतं. नोकरीला लागले त्याच महिन्यात वैजापूरकडची एक म्हातारी साक्षीला आली होती, पांढऱ्या लुगड्यातली. मामांनी भराभरा देवाची शपथ म्हटली आणि 'म्हणा' म्हणाले. म्हातारी ओठ मिटून उभी. पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच. वकील चिडले, कुणी म्हणालं बहिरी आहे. शेवटी साहेबांनीच विचारलं तेव्हा ती म्हणाली, "देव सोडून आलेय मी, साहेब. खरं सांगायच्या आधीच खोटं कशी बोलू?" साहेबांनी मामांना दुसरं वाक्य सांगितलं. ते तिनं असं स्वच्छ म्हटलं की मामांच्या अंगावर काटा आला. मामा स्वतः बौद्ध, आणि नवी नोकरी जाईल या भीतीनं त्यांना दुसरं वाक्य असतं का हे विचारायचंही धाडस झालं नव्हतं. घटनेत सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य असा एक जाडजूड शब्द आहे. मामा तो कधी उच्चारायचे नाहीत. त्यांच्यापुरता तो त्या म्हातारीच्या मिटलेल्या ओठांत होता.

मामांचं घर पडेगावात. दौलताबादच्या रस्त्यानं जाताना डाव्या हाताला आत शिरलं की पत्र्याच्या शेडांमागं त्यांची गल्ली. पुढच्या खोलीत बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा मोठा फोटो, फोटोखाली घटनेचं पुस्तक. मामांच्या वडलांनी गावातल्या सगळ्यांबरोबर धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपलीत घालून विहिरीत सोडले होते. त्याआधी त्या घराला देवीच्या दारात उभं राहून मागून खावं लागायचं. म्हणून त्या विहिरीची गोष्ट त्यांच्याकडं लहान मुलांना मांडीवर घेऊन सांगतात. मामांचा मुलगा धम्मपाल ती ऐकतच मोठा झाला. वाळूजला कंपनीत सुपरवायझर, विहाराचा सचिव, सरळ आणि कडक माणूस. मला तो पहिल्या भेटीत आवडला नव्हता हे खरं सांगते. माझ्याशी तो विहाराच्या छापील पत्रकाच्या भाषेत बोलला होता.

मामांची बायको भामाबाई. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोचक्यात लुगड्यांच्या घडीत चांदीच्या पत्र्यावर उमटवलेला देवीचा एक टाक निघाला. तिच्या आईनं दिलेला. मामांच्या वडलांनी बघितला असता तर घरात आकांत झाला असता. मामा नवीन नवरा, पण सवय कोर्टाची. त्यांनी तिला मागच्या खोलीत नेऊन विचारलं, "ठिवती का सोडती?" आणि थांबले. भामाबाईनं दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना उत्तर दिलं.

"ठिवती."

मग मागच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीच्या आड, एका कोनाड्याला मामांनी लाकडाचं दार बसवलं. भामाबाई विहारात वंदनेला सगळ्यांत पुढं बसायची, पंचशील तिच्याइतकं गोड कुणी म्हणत नव्हतं, आणि दिवेलागणीला कोनाड्याचं दार उघडून दिवाही लावायची. मी तिला एकदा विचारलं होतं, हे दोन्ही कसं जमतं म्हणून. ती हसली. म्हणाली, "जमवायचं कशाला? दोन्ही माझंच हाय."

धम्मपाल कॉलेजात असताना त्याला तो टाक सापडला. तो ओरडला नाही. तो रडला, आणि ते भामाबाईला जास्त लागलं. "आज्यानं ज्या दिवशी देव सोडले त्या दिवशी आपली मान वर झाली, आई," एवढंच तो म्हणाला. आठ दिवसांनी भामाबाईनं त्याला सांगितलं, टाक गावाकडं जाऊन विहिरीत सोडून आले. ते खोटं होतं; टाक कोनाड्यातच होता, आणि धम्मपालनं त्या दाराला पुन्हा हात लावला नाही. मामांना माहीत होतं आणि ते गप्प बसले. आयुष्यभर लोकांना खरं बोलायला लावणारा माणूस, घरात गप्प बसला.

पुढं भामाबाईचे हात थरथरायला लागले, तेलाचा दिवा धोक्याचा झाला. तेव्हा तीन घरं सोडून राहणाऱ्या अमिनाच्या मुलानं, हारिसनं, कोनाड्यात एक छोटा लाल बल्ब बसवून दिला. हारिस वायरमन. भामाबाईच्या अंगाखांद्यावर वाढलेला. तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं की ही गोष्ट धम्मपालला कधीही कळता कामा नये. ती गेल्यावरही तो बल्ब चालूच राहिला. मामा निवृत्त झाले होते. दुपारी त्या लाल उजेडात पडून राहायचे आणि त्यांना एकच स्वप्न पडायचं, जे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की आता मलाही पडतं.

स्वप्नात त्यांच्या वडलांची ती विहीर असायची. पाणी नितळ, तळापर्यंत दिसणारं. तळाशी टोपलीतले सगळे देव मांडी घालून बसलेले, डोळे मिटलेले. काठावर भामाबाई पोहरा सोडतेय, हळूच, पाण्याला धक्का न लावता. मामांना कुणाचा तरी पुकारा करायचा असतो. ते तोंड उघडतात तर भामाबाई ओठांवर बोट ठेवते. म्हणते, "हळू. निजलेत ते." मामांना त्या स्वप्नातून जागं व्हावंसं वाटायचं नाही.

तिच्या दुसऱ्या पुण्यतिथीच्या संध्याकाळी विहारात कार्यक्रम होता. घरचे सगळे पुढं गेले. मामा म्हणाले, तुम्ही व्हा, मी आलोच. त्यांना आधी कोनाड्यापुढं थोडं बसायचं होतं. दार उघडलं तर बल्ब बंद. नेमका त्या दिवशी. त्यांनी हारिसला बोलावलं, पुढचं दार आतून लावून घेतलं आणि हारिस स्टुलावर चढून जळालेला होल्डर बदलत बसला. तेवढ्यात नाक्यावरून एक मिरवणूक जात होती, तिथं कुणीतरी दगड मारला. कुणाचं तरी डोकं फुटलं. पळापळ झाली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं, निळ्या शर्टातला होता, वायरमन पोरगा. हारिसचा शर्ट निळा होता.

पोरगा पकडला गेला. तू कुठं होतास विचारलं तर म्हणाला, घरी होतो. घरी नव्हता हे शेजाऱ्यांनीच सांगितलं, कारण त्यांनी त्याला पक्कड-टेस्टर घेऊन बाहेर पडताना पाहिलं होतं. मग तो गप्प बसला. जामीन व्हायला बरेच दिवस लागले. अमिना मामांच्या ओट्यावर येऊन बसली.

"भाऊ, पोट्टा काय बोलतच नई," ती म्हणाली. "मी विचारलं, कुठं होता रे, तर म्हणतो, अम्मी, मैंने भामाचाचीको जबान दी है. मेलेल्या बाईला कसली जबान, भाऊ?"

मला मामांनी नंतर सांगितलं, त्या क्षणी त्यांना इतकी लाज वाटली की ओटा फाटून आत जावं. त्यांची अब्रू झाकायला ते पोरगं आपलं आयुष्य पणाला लावून बसलं होतं, आणि ते स्वतः रोज दुपारी स्वप्नात विहीर बघत पडले होते. ते उठले, चपला घातल्या आणि हारिसच्या वकिलाकडं गेले.

पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? हारिस माझ्या घरी होता, एवढ्यावर कोण विश्वास ठेवणार? काय करत होता, दार बंद का होतं, हे सगळं येणार. भर कोर्टात येणार. धम्मपाल समोर असणार. त्याच्या आईनं त्याला फसवलं होतं आणि बापानं तिला साथ दिली होती, हे त्याला सगळ्यांसमोर कळणार. घरी आधी सांगावं म्हणून मामा दोनदा जिना चढून वर धम्मपालच्या खोलीत गेले आणि दोनदा पाणी मागून खाली आले.

त्यात वकिलानं भर घातली. साक्षीच्या आदल्या दिवशी म्हणाला, "मामा, उद्या देवाचीच शपथ घ्या. तुम्ही बौद्ध, तो मुसलमान, सरकारी वकील म्हणणार दोघं मिळालेले आहेत. देवाचं नाव ऐकलं की ऐकणाऱ्यावर वजन पडतं." अमिनानंही हात जोडले. "घ्या ना, भाऊ. एवढं माझ्यासाठी."

त्या दुपारी मामा कोर्टात मला भेटायला आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. मला म्हणाले, "सोनियाबाई, जल्मभर लोकांना इचारलं. मला कुणी इचारलंच नाय. आता उद्या इचारतील, तर काय सांगू?" मी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी धम्मपाल मागच्या बाकावर होता. शेजारी विहारातले आप्पासाहेब, वयानं मोठे, हातात काठी. अमिना दाराशी उभी. मामांच्या जागी आता माऊली नावाचा तरुण शिपाई आहे. चांगला मुलगा आहे, पण शपथ एका दमात उरकतो. मामा पिंजऱ्यात चढले. माऊलीनं सवयीनं तोंड उघडलं, मामांकडं बघितलं आणि मिटलं. त्याला कामावर मामांनीच तयार केलं होतं. मग तो नीट उभा राहिला आणि हळू म्हणाला, "मामा, शपथ का प्रतिज्ञा?"

मामा आत गेले. मला दिसत होतं, कुठं गेले ते. पंखा फिरत होता, पारवे घुमत होते, माझी बोटं कीबोर्डवर होती आणि मला वाटलं हा माणूस आता परत येणारच नाही, त्या नितळ पाण्याच्या काठावरच राहणार. वकील डोळ्यांनी खुणावत होता. अमिनाच्या हातात ओढणीचा बोळा झाला होता.

"प्रतिज्ञा," मामा म्हणाले.

मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, पुकाऱ्याच्या आवाजात. वकिलानं खाली बघितलं. विचारलं, त्या संध्याकाळी हारिस कुठं होता.

"माझ्या घरी. मागल्या खोलीत."

"काय करत होता?"

"बल्बचा होल्डर बदलत व्हता."

"कुठल्या बल्बचा?"

मामांनी मागच्या बाकाकडं बघितलं. "माझ्या मालकिणीच्या देवीम्होरचा," ते म्हणाले. "तिनं पोराला सांगितलं व्हतं टाक विहिरीत सोडला म्हणून. सोडला नव्हता. मला ठावं व्हतं. दार लावलं ते पोराला कळू नये म्हणून. हारिसनं माझं नाव घेतलं नाय ते बी त्यापायीच."

मी टाइप करत होते, त्यामुळं मला धम्मपालचा चेहरा दिसला नाही. आप्पासाहेबांची काठी फरशीवर आपटल्याचा आवाज तेवढा आला.

सरकारी वकील उठला. वाईट माणूस नाही, त्याचं काम करत होता. "तुम्ही आत्ताच देवाची शपथ घ्यायला नकार दिलात," तो म्हणाला. "आणि घरात देवीपुढं दिवा लावता. मग तुमचा विश्वास नक्की कशावर आहे? यातलं खोटं कोणतं?"

साहेबांनी हात वर केला. "हे विचारता येणार नाही," ते म्हणाले. "कुणी कशावर विश्वास ठेवावा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. इथं तो हिशेब कुणी कुणाला मागायचा नाही. साक्षीदारानं उत्तर देण्याची गरज नाही." आणि मला सांगितलं, "प्रश्न नामंजूर."

मी तेवढं उतरवलं. पण मामा पिंजऱ्याचा कठडा धरून उभेच होते.

"साहेब, गरज नाय, तरी सांगतो," ते म्हणाले. "देव माझा नाय. बाई माझी व्हती."

साहेबांनी माझ्याकडं बघून मान नकारार्थी हलवली. प्रश्नच नामंजूर होता, त्याचं उत्तर कसं घेणार? मी बोटं उचलली. ते वाक्य कुठल्याही कागदावर नाही.

धम्मपाल साक्ष संपायच्या आधीच निघून गेला होता. त्यानंतर बापलेक एका घरात राहून बोलत नव्हते. वरून ताट यायचं, खाली जेवून रिकामं वर जायचं. हारिस सुटला. निकालात मामांच्या साक्षीबद्दल दोन ओळी आहेत, विश्वासार्ह वगैरे. अमिना त्या दिवशी मामांच्या ओट्यावर शीरखुर्म्याचा डबा ठेवून गेली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मामा जिना चढून वर गेले. या वेळी पाणी मागितलं नाही. टाक रुमालात गुंडाळला होता, तो धम्मपालच्या हातावर ठेवला.

"तुझ्या आईचा हाय," म्हणाले. "ठिवतो का सोडतो? तुझ्या मनाचं कर. मी काय बी म्हणणार नाय."

आणि थांबले. रविवारी सकाळी धम्मपाल मोटरसायकल काढून गावाकडं गेला. ती विहीर अजून आहे, कठडा पडलाय, पाणी आहे. पुढचं मला धम्मपालनंच सांगितलं, आणि या वेळी तो पत्रकाच्या भाषेत बोलला नाही. म्हणाला, दुपारभर काठावर बसलो. पाणी हलत नव्हतं, आभाळ आत उतरलं होतं. रुमाल सोडून हात पुढं केला. मग मला वाटलं, आज्यानं सोडले ते त्याचे स्वतःचे देव होते. कुणी सांगितलं म्हणून नाही, त्याचं त्यानं ठरवून सोडले. हा त्याचा नाही. माझाही नाही. जिचा आहे तिनं सोडला नाही, तर मी सोडणारा कोण?

तो संध्याकाळी परत आला. टाक कोनाड्यात ठेवला, हात जोडले नाहीत. मामांकडं बघून म्हणाला, "मी पाया पडणार नाय, बाबा."

"कोण म्हनतंय पड," मामा म्हणाले.

मी परवा पडेगावला गेले होते. मामा आता फार थकलेत. मागच्या खोलीत खाटेवर पडून होते, डोळे मिटलेले, बहुतेक विहिरीवरच असावेत. कोनाड्याची लाकडी झडप काढून टाकलीय, पेटी सरकवलीय. धम्मपाल कंपनीतून आला, बूट काढता काढता त्याचं आत लक्ष गेलं. बल्ब विझला होता. त्यानं खिशातून फोन काढला.

"हारिस," तो म्हणाला, "आईचा दिवा गेलाय रे. सवडीनं ये. दार उघडंच आहे."